तळ्यावर तेलाचा तवंग: आधी काय करायचं आणि कुणाला सांगायचं?

शेवटचा मजला
आमच्या सोसायटीच्या मागे एक तळं आहे. ठाणेकर ओळखतीलच, पण ओळखलंत तरी नाव इथे लिहू नका, उगाच वाद नकोत. दर वर्षी पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की तळ्याच्या एका कोपऱ्यात तेलाचा तवंग जमा होतो. यंदा जरा जास्तच आहे. निर्माल्य कलशाच्या बाजूला साधारण चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद पट्टा इंद्रधनुषी दिसतोय आणि काठाच्या दगडांवर काळपट चिकट रेघ उमटली आहे. वास रॉकेलचा म्हणावा तर रॉकेलचा नाही, गॅरेजमध्ये येतो तसा. वरच्या अंगाला रस्ता आहे, चार-पाच गॅरेजेस आहेत, रात्री टँकर उभे असतात.

माझं विचारणं साधं आहे. हे कुणाला कळवायचं? आणि कुणी येईपर्यंत आपण काही करू शकतो, की हातच लावू नये? आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने कपड्याच्या पावडरीचं पाणी ओतायचं सुचवलंय, आणि दुसऱ्याने वखारीतून भुशाची गोणी आणून लॉबीत ठेवलीसुद्धा.

खवट म्हातारा
तर्री मिसळीवर शोभते, तळ्यावर नाही. गोणीवाल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा, निदान ते जिन्यावरून उतरले तरी.

तळोजा रिटर्न
आधी एकच काम करा: ते पावडरवाले गृहस्थ तळ्यावर पोचायच्या आत त्यांना गाठा. साबणाने तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली उतरतं. डोळ्यांना तळं स्वच्छ दिसतं आणि मासे मरतात, कारण आता तेल त्यांच्या कल्ल्यांपर्यंत पोचलेलं असतं, शिवाय साबणाचा त्रास वेगळा. वर तरंगतंय तोवर ते गोळा करता येतं, हा आपला एकमेव फायदा असतो. तो घालवू नका.

समुद्रात तेल विरवणारी रसायनं फवारतात हे लोकांनी बातम्यांत बघितलेलं असतं, त्यातून ही कल्पना येते. ती बहुतेक रसायनं खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली असतात, गोड्या पाण्यात नीट चालत नाहीत. आणि समुद्रात विरायला खोली असते. तुमच्या तळ्यात ते विरून जाणार कुठे?

कळवायचं म्हणाल तर: वास पेट्रोलचा असेल किंवा तेल अजून वाहत येत असेल तर सरळ १०१, अग्निशमन दल. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी द्या, फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाची ठाणे, कल्याण, नवी मुंबई अशी वेगवेगळी प्रादेशिक कार्यालयं आहेत, आपल्या कार्यालयालाच पाठवा, नाहीतर अर्ज फिरत बसतो. अर्जात १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४चा उल्लेख करा. पाण्यात घाण सोडायला मनाई करणारं कलम तेच.

अगस्ती
तळोजा रिटर्न यांना +१. जरा हिशोब मांडतो, कारण तवंग बघून लोक एकतर फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत.

तवंगाच्या रंगावरून त्याची जाडी कळते. नुसती चंदेरी झाक असेल तर मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दहाव्या हिश्श्याच्या आसपास. इंद्रधनुष्य दिसलं तर ०.३ ते ५ मायक्रॉन. त्यापुढे धातूसारखी चकाकी येते आणि मग खरा काळा-तपकिरी रंग. धागाकर्त्यांचा पट्टा हजार चौरस मीटरचा. एक मायक्रॉन जाडी धरली तर तेल भरतं एक लिटर. म्हणजे पूर्ण पट्टा इंद्रधनुषी असेल तर तीनशे मिलिलिटरपासून पाच लिटरपर्यंत. एका मोटारसायकलचं इंजिन ऑइल बदललं की साधारण एक लिटर निघतं, हे लक्षात घ्या. पण काठाला काळी रेघ आहे म्हणताय, ती एक लिटरची गोष्ट नाही. तिथे वाऱ्याने ढकललेलं जाड तेल येऊन बसलंय.

जाता जाता: बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि जवळजवळ अर्ध्या एकरावरचं पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं. १७७४ साली त्याने ते छापलं. चमचा पाच मिलिलिटरचा धरून भागाकार केला की थराची जाडी दोन-अडीच नॅनोमीटर येते, म्हणजे जवळपास एका रेणूची उंची. डिझेल किंवा इंजिन ऑइल इतकं पातळ पसरत नाही, पण पसरण्याची हौस तीच.

रमाकाकू
भागाकार झाला असेल तर एक विचारू का? आमच्याकडे तळ्यावर लोक पणत्या सोडतात, त्यातलंही तेल जातंच ना? आणि कोपऱ्यावरचा वडेवाला रात्री कढई गटारात रिकामी करतो ती?

अगस्ती
काकू, जातं की. खायचं तेल विषारी नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पक्ष्याच्या पिसांना ते डिझेलइतकंच चिकटतं. आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. समुद्राच्या मानाने तळ्यात प्राणवायूचा साठा मोजका, त्यामुळे फटका लवकर बसतो. वडेवाल्याने तर ते ओतायचंच नाही. तळलेल्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवलं की तयार होतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायला बंदी आहे, १ जुलै २०१८पासून. असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची सरकारी योजनाही त्याच वर्षी आली.

खवट म्हातारा
वडेवाला कढई रिकामी करतो? कुठला हो हा राजा हरिश्चंद्र? आमच्याकडचा तर कालच्या तेलात आज, आजच्यात उद्या.

काळं_ऑइल
वागळे इस्टेटजवळ माझं गॅरेज आहे, वडिलांपासूनचं. असा धागा निघाला की पहिला दगड आमच्यावर येतो म्हणून लिहितोय.

जळकं ऑइल कुठलाही शहाणा गॅरेजवाला गटारात ओतत नाही. कारण धर्म नाही, पैसा. पिंपात साठवतो, घेणारा येतो, लिटरवर पैसे देऊन जातो. कायद्याने ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरणवाल्याकडेच गेलं पाहिजे, घातक कचऱ्याचे २०१६चे नियम आहेत, आणि १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही जुनं ऑइल परत गोळा करायची जबाबदारी आली आहे. प्रत्यक्षात दारात टेम्पो येतो आणि परवानावाल्यापेक्षा चार पैसे जास्त देतो. हे ऑइल कुठे जातं माहीत आहे? बरंचसं सेंटरिंगवाल्यांकडे! स्लॅब ओतायच्या आधी लोखंडी प्लेटांना जळकं ऑइल चोपडतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. त्या प्लेटा साइटवर उघड्यावर रचलेल्या असतात. पहिला पाऊस पडला की सगळं धुऊन खाली. धागाकर्त्यांनी जरा चढावर बघावं, कुठे पुनर्विकास चाललाय का.

गॅरेजमधून जातं ते वेगळं. सांडलेलं ऑइल कुणी भुसा टाकून उचलतो, कुणी त्यावर डिझेल मारून पाइपने धुतो. दुसऱ्या प्रकारचे लोक आमच्यात आहेत, नाही कशाला म्हणू.

तळोजा रिटर्न
हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा. पहिल्या पावसातच येतं आणि मग कमी होतं, हे सेंटरिंगशी जुळतंय. टँकरची गळती असती तर बारा महिने आली असती.

चिऊताई_नेरूळ
एक शंका. तो तवंग तेलाचाच आहे ना? येऊरला आणि पारसिकच्या बाजूला साचलेल्या पाण्यावर मी अगदी असाच रंगीत पापुद्रा बघितलाय आणि आसपास गॅरेज सोडा, रस्तासुद्धा नव्हता. लोह खाणारे जिवाणू तो बनवतात. ओळखायला काडी घ्या आणि पापुद्र्यात फिरवा. जिवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळे राहतात. तेल असेल तर काडीच्या मागे परत जुळून येतं.

दुसरं, पक्षी. तेल लागलेला बगळा किंवा पाणकोंबडी काठावर पिसं फुलवून बसलेली दिसली तर उचलून घरी आणून शाम्पू लावू नका. तेलाने पिसं चिकटली की त्यांच्यातली हवा जाते, पाणी थेट कातडीला लागतं आणि पक्षी गारठतो, अगदी आपल्या उन्हाळ्यातसुद्धा. वर चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जातं. टॉवेलमध्ये गुंडाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, वन विभागाला कळवा. पाजू-भरवू नका.

पाणनिवळ्यांकडेही बघा. पाण्यावर चालणारे ते लांब पायांचे किडे पाण्याच्या ताणावर उभे असतात, तवंग आला की बुडतात. आमच्याकडच्या एका तळ्यात आधी तेच दिसेनासे झाले, वास आम्हाला नंतर आला.

शेवटचा मजला
काडी फिरवली. परत जुळून आलं. तेलच आहे.

आणि हो, चढावर एक जुनी इमारत पाडून टॉवर चाललाय. प्लेटा कुठे ठेवल्यात ते पत्र्यामुळे दिसत नाही, उद्या गच्चीवरून बघतो.

टवाळखोर
तळ्यात काडेपेटी टाकून बघा, लगेच कळेल तेल आहे का ते.

तळोजा रिटर्न
टवाळखोर, चेष्टेतही नको, कुणीतरी खरंच करेल. अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये कायहोगा नदीवरचं तेल आणि कचरा २२ जून १९६९ला पेटला होता, तोही पहिल्यांदा नाही. बेंगळुरूच्या बेलंदूर तलावातून धूर निघालेला तर आपण सगळ्यांनीच टीव्हीवर बघितलाय. डिझेल किंवा जळकं ऑइल सहज पेटत नाही, पण पेट्रोलचा वास आला तर विडी-सिगारेट, मोबाइलचा फ्लॅश, पंप काही नको. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं आणि १०१.

मच्छरदाणी
सगळे गॅरेज आणि बिल्डरला बोलतायत. साचलेल्या पाण्यावर डासांसाठी तेल फवारतात ते? लहानपणी आमच्या चाळीत माणूस पाठीवर पंप घेऊन यायचा आणि गटारावर रंगीत थर पसरायचा.

अगस्ती
ते अळीनाशक तेल. डासाच्या अळ्या शेपटाकडची नळी पृष्ठभागावर लावून श्वास घेतात, थर आला की गुदमरतात. पद्धत फार जुनी आहे. पण ती गटारं, खड्डे, बांधकामावरची डबकी यांसाठी. जिवंत तळ्यात त्यासाठी गप्पी मासे सोडतात. तवंग बघून फवारणीवर संशय घ्यायला हरकत नाही, पण काळी चिकट रेघ त्याने येणार नाही.

भरती-ओहोटी
दिवाळे गावचा आहे. गोड्या पाण्याचं चाललंय, पण आमचंही ऐका. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबई बंदराबाहेर चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि ते वाशीच्या खारफुटीपर्यंत आलं. मासळी चांगली असली तरी कुणी घेईना. तेव्हा निदान तटरक्षक दल होतं, समुद्रातल्या तेलासाठी १९९६पासून राष्ट्रीय योजना आहे. नाल्यात, तळ्यात सांडलं तर तटरक्षक दल येणार आहे का? तिथे पालिका मंडळाकडे बोट दाखवते, मंडळ कारखान्याकडे.

आणि नवी मुंबईत गोडं-खारं वेगळं कुठे राहिलंय? शहर भरतीच्या पातळीखाली वसवलं म्हणून सिडकोने धारण तलाव केले. ओहोटीला झडपा उघडून पावसाचं पाणी खाडीत जातं, भरतीला झडपा बंद. म्हणजे रस्त्यावर सांडलेलं आधी धारण तलावात आणि सहा तासांत आमच्या जाळ्यात.

चिऊताई_नेरूळ
यात एक संधीपण आहे. झडप बंद असताना तेल तलावात अडकलेलं असतं. कुणी वेळेत सांगितलं तर खाडीत जायच्या आधी गोळा करता येईल.

भरती-ओहोटी
करता येईल, खरं आहे. डिसेंबर २०२३ला चेन्नईला मिचाँग वादळाच्या पुरात तेल बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत गेलं. शेवटी मच्छीमारच होड्यांत बसून मगाने आणि बादलीने काढत होते. हातमोजे नीट नाहीत, अंगभर काळं. आमच्यावर ती वेळ नको.

खारीचा वाटा
तेल खाणारे जिवाणू मिळतात ना? टेरी संस्थेने बनवलेले ऑइलझॅपर. ते आणून टाकले की झालं.

तळोजा रिटर्न
मिळतात आणि कामही करतात. प्रामुख्याने तेलाने भिजलेल्या मातीवर, गाळावर, गोळा करून ठेवलेल्या चिखलावर, तेही आठवडे-महिने लावून. त्यांना प्राणवायू आणि खतं लागतात, आणि तळ्यात खतं टाकलीत की जलपर्णी टाळ्या वाजवेल. आधी उचला, उरलेल्याचं मग बघा.

आता उचलायचं कसं. कारखान्यात तेल-गळतीसाठी पॉलीप्रॉपिलीनचे पांढरे पॅड आणि लांब सॉसेज ठेवतात. ते तेल पितात, पाणी पीत नाहीत, म्हणून सगळ्यात चांगले. भुसा पाण्यावर नको. थोड्या वेळात पाणी पिऊन तेलासकट बुडतो आणि मग तो गाळात कायमचा. रस्त्यावर सांडलेल्या तेलावर मात्र भुसा, माती उत्तम, पण झाडून उचलायची. अग्निशमन दल घोडबंदरला दुचाक्या घसरू नयेत म्हणून माती टाकतं, ते बरोबरच, पण ती तिथेच राहिली तर पुढच्या पावसात तेलासकट नाल्यात.

पॅड मिळेपर्यंत देशी उपाय: वाशीच्या एपीएमसीतून कांद्याच्या जाळीदार गोण्या आणा, त्यात भाताचा कोरडा पेंढा किंवा काथ्या ठासून भरा, गोणीला गोणी शिवा. वारा ज्या कोपऱ्यात तेल ढकलतोय त्याच्या तोंडाशी ही माळ तरंगती बांधा. पेंढाही हळूहळू पाणी पितो, म्हणून रोज संध्याकाळी ओढून काढायचा, रात्रभर ठेवायचा नाही.

तेल नाल्यातून येत असेल तर तळ्याच्या तोंडाशी अडवणं सोपं. नाल्यात मातीच्या गोण्यांचा बांध घाला आणि त्यातून पीव्हीसी पाइप तिरका टाका, वरच्या अंगाचं तोंड पाण्यात खोल, खालच्या अंगाचं तोंड उंच. पाणी तळातून निघून जातं, तेल वर अडकून राहतं. दोन मजुरांचं अर्ध्या दिवसाचं काम.

जिना_उतरलेला
थांबा, जूनमध्ये नाला अडवणार? रात्री धो धो आला की पाणी थेट चाळींत शिरेल आणि शिव्या सोसायटीला. २६ जुलै बघितलेल्या माणसाला हे सांगू नका.

तळोजा रिटर्न
बरोबर बोललात. बांध उघडीप असतानाच, आणि पालिकेच्या अभियंत्याला बरोबर घेऊनच. पावसाळ्यात त्याऐवजी तरंगता अडसर, तोही आडवा नाही, तिरका. पाण्याचा वेग सेकंदाला साधारण पस्तीस सेंटिमीटरच्या वर गेला की आडव्या अडसराखालून तेल निसटतं. कुरमुरा टाकून बघा: दहा मीटर अर्ध्या मिनिटाच्या आत गेला तर तिरका लावा, म्हणजे तेल काठाकडे सरकेल आणि तिथून उपसता येईल.

पण हे सगळं नंतरचं. मी ज्या कारखान्यांत सुरक्षेचं काम बघितलं तिथे टाकीभोवती बांध असायचा, सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के मावेल एवढा. कागदावर सगळं चोख. पावसात त्या बांधात पाणी साचतं, ते काढायला खाली एक झडप असते. शिपाई रोज उघडायचा कंटाळा करून ती जूनमध्ये उघडतो आणि दिवाळीला बंद करतो. मग टाकी गळली तर बांध असून नसल्यासारखा. तुमच्या सोसायटीच्या जनरेटरखाली डिझेलचा ट्रे आहे का, आणि त्याचं बूच जागेवर आहे का, आज बघा.

अगस्ती
सगळं तेल तरंगतंच असंही नाही. २५ जुलै २०१०ला अमेरिकेत मिशिगनमध्ये तेलाची पाइपलाइन फुटली. धोक्याचे इशारे वाजत असताना नियंत्रण कक्षातल्या लोकांनी त्यांचा अर्थ चुकीचा लावला आणि सतरा तास तेल कालामाझू नदीकडे गेलं. ते पातळ केलेलं डांबरी तेल होतं. हलका भाग उडून गेला, जड भाग तळाला बसला आणि तरंगते अडसर वरच्या वर राहिले. २०१४पर्यंत गाळ उपसत होते. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, त्यामुळे समुद्रात जेमतेम तरंगणारं जड तेल नदीत बुडू शकतं. आपल्याकडे डांबराचे आणि फर्नेस ऑइलचे टँकर उल्हास ओलांडतात, आणि त्याच नदीचं पाणी लाखो लोक पितात.

रमाकाकू
मग त्या काठावरच्या चिकट रेघेचं काय? ती गाळात जाणार?

तळोजा रिटर्न
काकू, काठावरची रेघ हाताने पुसायची. नायट्राइलचे हातमोजे, कॉटन वेस्ट. जोरात पाणी मारायचं नाही, नाहीतर ती परत तळ्यात. जिथे गवत, बेशरमाची झुडपं वाढलीत तिथे घुसून तुडवू नका, तेल चिखलात खोल दाबलं जातं. तेवढं सोडून दिलेलं परवडतं.

शेवटचा मजला
सर्वांचे आभार, खरंच. गच्चीवरून बघितलं. पत्र्याच्या आत प्लेटांच्या थप्प्या उघड्यावरच आहेत, खालची जमीन काळी, आणि पावसाचं पाणी कोपऱ्यातल्या एका चेंबरकडे जातंय. फोटो काढून प्रभाग समितीला आणि मंडळाला पाठवला. साइटवरच्या इंजिनिअरला जाऊन भेटलो. पोरगा नवीन होता, त्याला हे माहीतच नव्हतं. त्याने संध्याकाळी तेवढ्या थप्प्यांवर ताडपत्री टाकली आणि चेंबरच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या लावल्या. साहेबांना विचारून जळक्या ऑइलऐवजी पाण्यात मिसळणारं सेंटरिंगचं द्रव मागवतो म्हणालाय.

काळं_ऑइल
ते महाग पडतं म्हणून साहेब नाही म्हणतील. ताडपत्रीचा पिच्छा सोडू नका, वाऱ्याने उडते. आणि पाऊस थांबल्यावर ती वाळू कोण उचलणार ते आत्ताच ठरवून घ्या.

शेवटचा मजला
एक राहिलं. पेंढ्याच्या गोण्या रविवारी लावल्या, चौकीदाराच्या मुलांनी शिवून दिल्या. आता तेलाने भिजलेल्या बाहेर काढल्या आहेत, ओल्या कचऱ्याच्या गाडीवाला घेत नाही.

तळोजा रिटर्न
घेत नाही ते बरंच करतो. तेलकट कचरा घातक कचऱ्यात मोडतो. झाकणाच्या पिंपात, प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, सावलीत ठेवा, आणि जाळू नका. तळोज्याला घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे, पण ते एका सोसायटीच्या चार गोण्या दारात घेणार नाहीत. त्या बिल्डरच्या साइटच्या नावाने पाठवायला लावा, आणि पावतीची प्रत मागून घ्या.

खवट म्हातारा
लॉबीतल्या त्या भुशाच्या गोणीचं काय ठरलं?